अकराव्या मजल्यावरचं बूच

— न्हाय वैनी, नाही कोण म्हणतंय? करतो की फोन. तुमच्या घरधन्यासाठी, शिवानंदसाठी, एक फोन करायला माझं काय जातंय? मस्कतला एका खोलीत राहिलेलो आमी दोघं — वरच्या खाटेवर त्यो, खालच्या खाटेवर म्या. पण आधी बसा तर. मुरूमवरनं दोन गाड्या बदलून आलाव उन्हातनं, आन आल्यापासनं उभ्याच. ह्यो स्टूल घ्या. त्यो नको, त्येच्यावर पाईप चिकटवायचं सोल्युशन सांडलंय, साडीला लागलं तर निघायचं न्हाय. चहा सांगू? नको? बरं. पंखा वाढवतो — ह्यो पंखा असाच, एकावर ठेवला तर फिरत न्हाय, पाचावर ठेवला तर पावत्या उडवतो. ऱ्हाऊ द्या, बंदच बरा.

तर काय म्हणत होतो — कळलं मला, तुमी सांगितलं त्ये सगळं कळलं. परत आखातात जायला सोलापूरच्या एजंटाकडं शिवानंदचा इंटरव्ह्यू झाला, पाईप जोडून दाखवला, पास झाला. व्हणारच की पास! पर पासपोर्टावर दिसतंय की मस्कतचा व्हिसा आठव्या म्हयन्यातच रद्द झालाय. मग एजंटाकडचा साहेब इचारणार, का पाठवलं परत? संगं काम केलेल्या कुणीतरी सांगावं म्हणतोय. बरोबर हाय त्येचं, त्येच्या जागी म्या असतो तर म्याबी इचारलं असतं. तर म्या सांगतो, मानूस चांगला हाय, कामाला वाघ हाय. एवढ्यावर भागंल न्हाय का? — न्हाय भागणार. कारण पाहिजे त्येला. व्हय. कारण.

वैनी, तुमाला ठाऊक हाय का तिथं हेल्पर म्हणजे काय? इथं अणदूरात लोकांना वाटतं प्लंबर म्हणून गेला, पाना फिरवत असंल. कसला पाना! पहिलं सहा म्हयने पाईप वाहायचं. लिफ्ट मिस्त्री लोकांची, आमी जिन्यानं — खांद्यावर पाईप, अकरा मजलं. भिंतीला खाचा पाडायच्या, रात्रीपस्तोर नाकातनं पांढरं निघायचं. फोरमन इजिप्तचा, त्येला आमची हिंदी कळंना, आमाला त्येची अरबी. शिवानंदला मात्र कळायची! त्येच्या हातवाऱ्यावरनंच ह्यो वळखायचा, आट्याला गुंडाळायची सुतळी पाहिजे का वळणाचा जोड, एल्बो. मला म्हणायचा, मल्लू, त्येच्या तोंडाकडं बघू नको, बोटाकडं बघ. म्या आटे पाडायला शिकलो त्ये त्येच्याकडनं, कंपनीनं न्हाय शिकवलं. मला दोन दिवस जुलाब लागलं होतं तवा माझं पाईप त्यो वाहायचा, सोताचं वाहून वर माझं. असा मानूस. आता सांगा, असल्या मानसाबद्दल फोनवर चार शब्द बोलायला —

एक मिनिट हां. काय पावणं? पाऊण इंची नळ? पितळी का प्लास्टिकचा? ह्यो घ्या. हळू फिरवा, जोर लावला तर आटं जात्यात. बरं. या.

कुठं होतो? हां, कारण. तर वैनी, कारण म्हणजे काय — पाणी सुटलं. अकराव्या मजल्यावर. आता पाणी कसं सुटतं तुमाला सांगतो, म्हणजे तुमाला समजंल. लाईन भिंतीत बसवली की तिची तोंडं बुचानं बंद करायची, म्होरं नळ बसतोवर. बूच आधी हातानं फिरवायचं, मग पान्यानं आवळायचं. हातानं फिरवलेलं बूच दिसायला आवळल्यावानीच दिसतं, फरक कळत न्हाय बघणाऱ्याला. बेस्तरवारी सांजच्याला गच्चीवरच्या टाकीचं पाणी लाईनीत सोडलं, शुक्करवारी सुट्टी, शनवारी सकाळी आलो तर जिन्यातनं वढा वाहतोय. खालच्या तीन मजल्यांवर छताला जिप्समचं पांढरं फळकूट लावलेलं, नवं, रंग दिलेलं — सगळं भिजून लोंबतंय. आमी बघत हुबं असतानाच एक फळकूट सुटलं आन खाली एक बंगाली रंगारी होता त्येच्या खांद्यावर पडलं. हात मोडला त्येचा. वैनी, त्यो नुसता खाली बसला आन हाताकडं बघत ऱ्हायला, जसा काय दुसऱ्याचा हात हाय.

मग फोरमन आला. वहीत बघितलं, त्या बाथरूमवर नाव दोघांचं — शिवानंद आन मल्लिकार्जुन. दोघांना हुबं केलं. बूच कुणी लावलं? किसने? एवढं एकच हिंदी त्येला चांगलं यायचं. किसने? आन तिथं बुचाच्या शेजारी पाना पडलेला, मुठीला लाल दोरा गुंडाळलेला. शिवानंदचा. झालं. चार दिसांत त्येला विमानतळाच्या गाडीत घातलं. अशी गोष्ट झाली. आता हे फोनवर सांगितलं तर त्यो साहेब घेईल का त्येला? म्हणून म्या म्हणतो, कारण कशाला काढायचं, म्हणावं घरची अडचण होती, आई आजारी होती —

काय? पाना तिथं कसा आला? आला म्हणजे — म्याच नेला होता की मागून. माझा खाली ऱ्हायला होता, शिवानंद म्हणला माझा घेऊन जा. पाना घेऊन गेलो, बूच हातानं फिरवलं, आवळणारच होतो, तेवढ्यात फोन वाजला. इथं घराचा स्लॅब पडायचा होता दुसऱ्या दिशी, भाऊ व्हिडिओवर दाखवत होता, संडासचा पाईप कुठनं काढायचा, पूर्वेकडनं का मागनं. तिथं रेंज न्हाय म्हणून म्या खिडकीपाशी गेलो, मग गॅलरीत. लई येळ बोललो. त्येला म्हणलं, उतार दे चांगला, जोड नीट आवळून घे, मागनं गळती लागली तर भिंत फोडावी लागती. ह्ये म्या सांगतोय त्येला! आन मग भोंगा वाजला, बस सुटायची येळ झाली, आन म्या —

म्या —

थांबा. पाणी पिता का तुमी? म्या पितो.

बघा वैनी, म्या खोटं न्हाय बोललो. कुणी इचारलं आन म्या शिवानंदचं नाव घेतलं, असं न्हाय झालं. म्या काहीच बोललो न्हाय. फोरमन किसने म्हणला, शिवानंदनं माझ्याकडं एकदा बघितलं, आन म्या पान्याकडं बघत हुबा ऱ्हायलो. मला वाटलं, त्यो बोलंल. त्यो बोलला असता तर म्या हो म्हणलो असतो, आईशप्पथ म्हणलो असतो! पर त्यो बोललाच न्हाय. मग मला वाटलं, त्येला ठाऊकच न्हाय. त्येला वाटत असंल पाईपच फुटला, न्हायतर बूच खराब होतं. आन ठाऊकच नसंल तर —

काय म्हणालाव?

...

त्येला ठाऊक होतं?

कधी सांगितलं तुमाला? आल्या आल्याच? म्हणजे तीन वरसं — तीन वरसं तुमाला ठाऊक हाय, आन तुमी आत्ता हितं बसून माझं सगळं ऐकून — न्हाय, बोला. बोला तुमी. काय म्हणला त्यो? जसं म्हणला तसं सांगा.

...

"मल्लू सोताच सांगंल म्हणून मी गप बसलो. त्येच्या तोंडचं मी कशाला काढू?" असं म्हणला? आन चार दीस वाट बघितली? गाडीत बसतोवर? म्या त्येची ब्याग गाडीत ठेवली वैनी. माझ्या हातानं ठेवली. त्यो म्हणला, येतो मल्लू, तब्येत जप. म्या म्हणलो, पोचल्यावर फोन कर. आन फोन आला त्येचा, तर म्या उचलला न्हाय. मागनं मला बढती दिली, प्लंबर केलं, दोन वरसं ऱ्हायलो अजून, आन हे दुकान — आन त्यो तिकडं दुसऱ्याच्या शेतात ड्रिपच्या नळ्या जोडत फिरतोय. एवढा हात असलेला मानूस.

रडू नका. म्हणजे — तुमी न्हाय रडत. बरं.

त्येनं पाठवलं न्हाय ना तुमाला? वाटलंच मला. त्यो कधीच न्हाय पाठवणार. घरी गेल्यावर तुमाला बोलंल त्यो, मल्लूकडं कशाला गेलीस म्हणून. बोलू द्या.

नंबर लावा. ह्याच फोनवरनं लावा, न्हायतर म्या उद्यावर ढकलीन, मला माझी खोड ठाऊक हाय. लावला? द्या हिकडं. आन तुमी भाईर जावा. बसा तिथं, लिंबाखाली, पर हिकडं बघू नका. तुमच्या म्होरं न्हाय जमायचं मला. जावा म्हणतो ना —

हॅलो? हां, साहेब. शिवानंदच्या कामाबद्दल इचारलं होतं तुमी, मस्कतचं. व्हय, संगंच होतो. मल्लिकार्जुन, अणदूरवरनं बोलतोय.

न्हाय साहेब. त्येचं काहीच सांगायचं न्हाय. माझं सांगायचंय.