मीनाक्षीचं सॉरी

नाही, फोन केला होता हे मला माहीत नव्हतं. तू सांगतेयस तेव्हा कळतंय. — बस ना, बाळाला घेऊन किती वेळ उभी राहशील, ती हीटरजवळची खुर्ची घे. वीर ना नाव? छान. — म्हणजे परवा आमच्या हिनं तुमच्या कमिटीच्या अंबरीशला फोन केला, सॉरी म्हणाली, आणि मंडळाच्या ग्रूपवर सगळ्यांनी हात जोडल्याचे इमोजी टाकले. असंच ना? आणि आता संक्रांतीला मीनाक्षीकाकूंनीच यायचं, तुझ्या वीरचं बोरन्हाण त्यांच्याच हातून व्हायचं, आणि झालं गेलं गंगेला मिळालं. कॉव्हेंट्रीहून गंगा बरीच लांब पडते, पण असो. ही घरात नाही, दुकानात गेलीय, येईल एवढ्यात. चहा टाकू? नको? बरं.

तू नवीन, निवेदिता. मेडनहेडहून आलीस तेव्हा हे सगळं होऊन गेलं होतं, म्हणजे तुझ्याकडे ग्रूपवरची माहिती. त्या माहितीत हे नसेल, की मंडळातल्या अर्ध्या पोरांचं बोरन्हाण हिनं केलंय. आम्ही आलो तेव्हा इथं बोरं कुठली — मग द्राक्षं, पॉपकॉर्न, पुढे ब्लूबेरी — पण हलव्याचे दागिने घरी करायची, परातीत हात भाजून घेत, विकतचे चालायचे नाहीत बाईला. आणि पोर नटून बसलं की दोन्ही हात त्याच्या गालावरून फिरवायचे, आपल्या कानशिलाला लावून बोटं कडाकडा मोडायची. तू पुण्याची ना? मग तुझ्या आजीनं केलं असेल तुला, सांगायला नको. त्याला ना मंत्र ना तंत्र. पोर गोड दिसलं की हात आपोआप जातात. माझ्या आईचे जायचे, हिचेही जायचे.

तर कस्तुरी. चौदाची होती, मंडळाच्या नाचात पुढच्या रांगेत, त्या दिवशी रंगीत तालीम. चर्चचा हॉल भाड्यानं घेतलेला, हीटिंग बिघडलं होतं, म्हणजे बंद होतच नव्हतं, आत नुसती भट्टी. मुलींनी फोटो चांगले यावेत म्हणून सकाळपासून काही खाल्लेलं नाही, आणि नऊवारी अशी आवळून नेसवलेली की श्वास घ्यायची चोरी. ही विंगेत उभी, कस्तुरी समोरून आली, नथ घालून, गोड दिसत होती — गेले हात. स्टेजवर दोन मिनिटं नाचली असेल पोरगी, आणि पडली. आता तूच सांग, चूक कुणाची? हीटिंगची. पण त्या पोरीला गालावरून असा हात कधी कुणी फिरवलेलाच नव्हता. इथं जन्मलेली, दोन्ही आज्या ती व्हायच्या आत गेलेल्या. शुद्धीवर आल्यावर आईला म्हणाली, त्या आंटीनं माझ्या चेहऱ्यावरून काहीतरी काढून घेतलं आणि बोटांचा आवाज केला, मग मला गार वाटलं. पोर घाबरली होती, तिला वाटलं ते बोलली. आणि तिच्या आईला ते काय आहे हे माहीत होतं की. नागपूरची आहे ती. ती एका वाक्यात सांगू शकली असती. — का नाही सांगितलं? मला कसं कळणार. मी पुष्कळ विचार केला त्यावर, आता करत नाही.

मग पुढच्या तालमीला आणखी दोघी पडल्या. कुणाला मळमळ, कुणाचे हात थरथरतायत, एकीला तर आवाजच फुटेना. त्याच्या पुढच्या रविवारी मीनाक्षी हॉलवर गेलीच नाही, मी म्हटलं नको जाऊस, तर त्या दिवशी सगळ्यात जास्त मुली पडल्या. तुला वाटेल, सुटली की बाई, ती तिथं नव्हतीच. छे. म्हणाले, बघा, घरी बसूनसुद्धा. — हसू नकोस. अगं, हे म्हणणारी माणसं बँकांची सॉफ्टवेअरं लिहितात. मग एकेकाला एकेक आठवायला लागलं. कुणाचं बाळ राहिलं नव्हतं, ओटी हिनं भरली होती. कुणाचा व्हिसा रखडला, त्याच आठवड्यात हिनं घरी बोलावून पुरणपोळी वाढली होती. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ. डॉक्टरांनी सांगितलं होतं, एक मुलगी घाबरून पडते, तिला बघून दुसरी पडते, शाळांमधून होतं असं, मुद्दाम कुणी करत नाही. ते सगळ्यांनी ऐकलं, माना डोलावल्या, आणि गाडीत बसल्यावर परत तेच.

मग अंबरीश आला, कमिटी घेऊन. इथंच बसला होता, तू बसलीयस तिथं. सभ्य माणूस, बूट बाहेर काढून आला. म्हणाला, काकू, तुम्ही काही केलंत असं कुणीच म्हणत नाही, सेफगार्डिंगची, म्हणजे मुलांच्या सुरक्षिततेची, तक्रार आलीय म्हणून यावं लागलं, तुम्ही फक्त एकदा सॉरी म्हणा, मुलींना क्लोजर मिळेल, मग विषय संपला. हिनं सगळ्यांना चहा दिला. कुणी कप उचलला नाही. मग ही म्हणाली, "केलं नाही ते केलं म्हणून कसं सांगू रे, अंबरीश?" बस, एवढंच. त्यानंतर कुणी आलं नाही या घरी. दोन संक्रांती गेल्या. दुकानात ही समोर दिसली की लोकांनी पोरांचा हात धरून दुसऱ्या रांगेत वळायचं, आणि लांबून मान हलवायची.

तेव्हा मला अभिमान वाटायचा हिचा, खोटं कशाला बोलू. सान्वी, आमची नात, स्टॅनमोरला असते, ती सुट्टीत इथं येऊन इतिहासाचा अभ्यास करत होती. ते प्युरिटन लोक, इथून अमेरिकेत गेलेले, तिथं गावातल्या बायकांना चेटकिणी ठरवलं त्यांनी. मोठ्यानं वाचून दाखवत होती पोरगी, की जिनं कबूल केलं ती वाचली आणि जिनं नाही म्हटलं तिला फास. सहज विचारलं तिनं, आज्जी, तू काय म्हटलं असतंस? ही उठून आत गेली. मला वाटलं, उत्तर देऊन झालंय हिचं, परत कशाला द्यायचं. मला असंच वाटायचं बघ.

त्याच सुट्टीत सान्वीचं अपेंडिक्स फुटलं. रात्रीतून हॉस्पिटल, ऑपरेशन, बरी झाली, आता फुटबॉल खेळते. पण आदल्या दिवशी हिनं तिची वेणी घालून दिली होती आणि — सवय गं, जन्माची सवय — गालावरून हात फिरवला होता. हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये ही मला म्हणाली, "अहो, इतकी शिकलेली माणसं उगाच कशी म्हणतील?" मी म्हटलं, वेडी आहेस का. दुसरं काय म्हणणार होतो? तेव्हापासून नातीजवळ बसत नाही. व्हिडिओ कॉल आला की फोन माझ्या हातात देते आणि स्वयंपाकघरातून बोलते, आवाज तेवढा येतो. पोरगी विचारते, आज्जी रागावलीय का. मी सांगतो, पोळ्या करतेय.

तेव्हा ते सॉरी मंडळाच्या शांतीसाठी नाही, निवेदिता. तुम्हाला वाटलं, काकूंनी मोठ्या मनानं मिटवलं. ती खरंच कबूल झालीय. — हे मी तुला सांगणार नव्हतो. निमंत्रणाला नाही म्हणून चहा पाजून पाठवणार होतो. अंबरीशला सांगू नकोस, उगाच परत मीटिंग घेईल. मला राग नाही तुमचा. यायला हवा, पण येत नाही, बसून राहतो झालं.

ती बघ, खिडकीतून, समोरच्या फुटपाथवर, निळ्या कोटातली. आलीय केव्हाची. दारातली बाबागाडी दिसली असणार तिला. पिशव्या हातात घेऊन रस्त्याकडे पाठ करून उभी आहे ना? तू बाळाला घेऊन गेल्याशिवाय ती वळायची नाही. मी हाक मारली तरी नाही. तर ऊठ आता. बाहेर पडलीस की डावीकडून जा, म्हणजे तिच्यासमोरून जावं लागणार नाही.

अगं, त्याचं तोंड कशाला झाकतेस?

हो. हो, थंडी आहे. झाक. जा.