झाकणावरचं फूल

दातांच्या दवाखान्यात माझ्यामागे एक म्हातारं जोडपं बसलं होतं.

“अहो, लेकीचा फोन वाजतोय. उचला ना.”

“फोटो पाहिलास तू?”

“पाहिला. तिच्या त्या युद्धातल्या इस्पितळात जखमी पोराला ज्या फळीवर झोपवलंय, ती तुम्ही बनवलेल्या पेटीचंच झाकण आहे. फूल ओळखलं मी.”

“ती लहान होती, तिला आवडायचं म्हणून प्रत्येक पेटीवर काढायचो गं. तोफगोळ्यांच्या पेट्यांना फुलं कसली, म्हणून कारखान्यात सगळे हसायचे.”

“तिनंही ओळखलंय.”

“माल कुठल्या देशात जातो, कधी विचारलंच नाही मी. त्या पोराचा पाय...”

“उचला हो.”

“चिडली असेल.”

“छे! तुमची दाढ कशी आहे, एवढंच विचारतेय सकाळपासून मला मेसेज करून.”

“मग तर माझ्याच्यानं उचलवणार नाही गं.”