वाळूतली वाडी

— थांबा मॅडम, पाय जरा मागं घ्या, आमच्या वाडीवर उभ्या हायसा तुमी. व्हय, ही वाळू म्हंजीच वाडी — पलटणीत ह्याला सँड मॉडेल म्हणत्यात, हवालदार हुतो न्हवं मी — निळीचा ओढा, चुन्याची वाट, काडेपेटीची घरं, आन् हितनं दरड सुटली. आन् तुमचं मॉडेल त्ये, कागदावरच्या चौकोनांचं? कारणांचं म्हणं — पाऊस, दरड, 'जागरूकतेचा अभाव', मग बाण, मग मृत्यू. वाडीत मेलं कोण? आमची चंद्राबाई एकटी. माझ्या बायकूचं मरण चौकोनात बसवलंसा, आन् वर ह्ये खरं हाय म्हणून माझी सई मागतासा? विद्यापीठात बसून उंटावरनं शेळ्या हाकायच्या. न्हाई करत मी सई.

अभाव कुणाला? तिला? दारोदार फिरून सगळी वाडी तिनं भाईर काढली. लोक म्हणत्यात, म्हशीसाठी मागं फिरली — म्हस तर खाली शाळंपाशी बांधलीती. सोन्यासाठी म्हणत्यात — सोनं गठुड्यात हुतं, आन् गठुडं हितं, ओढ्यावरच्या ह्या साकवावर, शेजारच्या हरणावैनीच्या हातात दिलं, "आलेच" म्हणाली, आन् वर गेली. कशापायी? रोज मांडतो मी ह्ये. हा खडा म्हंजी ती — रोज साकवापतूर आणतो आन् हितं हात थांबतो. तुमच्या बाणांत हाय उत्तर? पुसा त्यो चौकोन, घाला तिथं प्रश्नचिन्ह. फोन ठेवला आन् फिरली, एवढंच वैनीला ठावं हाय —

फोन? फोनचं कोण बोललं? … बरं, मीच बोललो. माझाच हुता. सांगलीत वॉचमन हुतो, पाटणच्या स्टँडवरनं केलता — थेट वर घरीच येतोय म्हणलो — पर रस्ता बंद हाय, एसटी हितंच अडवलीया, ह्ये सांगूस्तवर रेंज गेली. येतोय एवढंच तिला ऐकू गेलं … काय लिवतासा? ठेवा ते पेन. माझ्याकडनं तिच्याकडं बाण काढू नका. न्हाई म्हणलं न्हवं.

आन् त्यो अभावाचा चौकोन — पुसू नका. ऱ्हाऊ द्या. हाय त्यो बरा हाय. कुठं करायची सई? हितं? … घ्या. झालं तुमचं काम, निघा. आन् वळसा कशाला घालतासा आता? जावा सरळ, वाळूवरनं.