भाऊबिजेची फुली

नाही गो, सलाईन दुखत नाही, सुई टोचते तेवढीच — दुखतं ते पुढचं. आपसूक आलेली कळ कशी, येते, ओसरते, तुला घोटभर पाणी पिऊ देते, मग परत येते. सलाईनच्या कळा तशा नव्हेत, एकीच्या पाठीवर दुसरी, मधे दम घ्यायला जागा नाही. माझी तिन्ही बाळंतपणं घरी झाली, कुणी तारीख विचारली नाही की कुणी घड्याळ बघितलं नाही, पोर यायचं तेव्हा आलं. म्हणून म्हणते, आठ दिवस वर झाले म्हणून काय झालं, थांब की. घाई कसली? — नीट बस, पाय लोंबकळत ठेवू नकोस, सुजलेत बघ कसे. तुझी सासू केसपेपर काढायला गेली ना, तिथे रांग आहे, येईल सावकाश. नाव काय तुझं? क्षितिजा. विरारहून इतक्या लांब माणिकपूरला आलात? नणंद इथेच बाळंत झाली म्हणून — बरं, बरं. मी रखमाबाई, गासची. आमची पानवेलीची वाडी आहे. माझी सून आत गेलीय तपासायला, हेमाली, नववा लागलाय तिला. मी नाही जात आत. ती एकटी जाते. का म्हणजे? तिला नाही आवडत कुणी बरोबर आलेलं. काहींना नाही आवडत.

हे तिचं दुसरं. पहिला दोन वर्षांमागे झाला, इथेच, आत त्या टोकाच्या खोलीत, आणि मी ह्याच बाकड्यावर बसले होते. सलाईन लावून काढला. दोन दिवस जगला. गासला कुणालाही विचार, रखमाबाईचा नातू कशाने गेला, तर सांगतील, सलाईनने गेला. मीच सांगितलंय सगळ्यांना. — घाबरू नकोस अशी, तुझं तसं होईल असं नाही म्हणत मी. तू विचारलंस म्हणून सांगितलं. नाही विचारलंस? मग मीच बोलले असेन. तोंड उघडलं की बंद होत नाही माझं, मितेश पण तेच म्हणतो. मितेश म्हणजे मुलगा माझा.

डॉक्टरीणबाई वाईट नाही, खोटं कशाला बोलू. आठव्या महिन्यात सोनोग्राफी केली तेव्हा तिने मला आत बोलावलं, म्हणाली, बाळ तारखेच्या मानाने लहान दिसतंय, तारीख नक्की आहे ना? मी म्हटलं नक्की. पुढच्या खेपेला परत विचारलं. आणि शेवटच्या दिवशी, दिवस भरून दोन वर झालेले, तेव्हा तिसऱ्यांदा. म्हणाली, तारीख बरोबर असेल तर पोट वाढत नाही हे चांगलं लक्षण नाही, आतमध्ये ठेवण्यात धोका आहे, कळा आणाव्या लागतील, पण तारीख चुकली असेल तर थांबायला हवं. विचारत होती हेमालीला. उत्तर मी दिलं. मी चौथी शिकलेय बाई, सातबारा वाचते, माझी तारीख चुकते होय? मी पिशवीतून कॅलेंडर काढलं, आदल्या वर्षीचं, गुंडाळी करून नेलं होतं खास, आणि टेबलावर उलगडलं. ही बघा फुली. घटस्थापनेच्या आठ दिवस आधी. त्यानंतर फुली नाही.

तू फ्लॅटात राहतेस, तुला नाही कळणार. पानवेल फार सोवळी. बाईला अडचण असली की तिने वाडीत पाऊल टाकायचं नाही, सावली पडली तरी वेल मान टाकते — आमच्यात असंच मानतात, माझी सासू मानायची, मी मानते. मानायचे. मग घरातल्या बायकांचा हिशेब कुणीतरी ठेवायला नको? माझी सासू भिंतीवर कोळशाने रेघ ओढायची, मी कॅलेंडरवर फुली मारते. हेमाली लग्न होऊन आली त्या महिन्यापासून तिची फुली माझ्या हातची. तिला तरी लक्षात राहायचं नाही, मला राहायचं. गावातल्या बायका हसायच्या, रखमाबाई सुनेच्या अंगावर पहारा ठेवते. ठेवला पहारा. तीनशे वेल सांभाळायचे म्हणजे काय.

तुझी तारीख कुणी सांगितली? सासूने? आणि तू काय सांगितलीस? — अशी खाली बघू नकोस, माझ्याकडे बघ. म्हणजे तुला वाटतं ती नव्हे? मग बोलत का नाहीस? हो, ठाऊक आहे का बोलत नाहीस. मला नको शिकवूस.

हेमालीपण बोलली नव्हती. बोलली ती शेवटच्या दिवशी, इथे येताना, रिक्षात. पाऊस नव्हता पण रस्ता सगळा चिखल, रिक्षा गचके खात होती, ती पोट धरून बसलेली, आणि एकदम म्हणाली, "आई, भाऊबिजेला माहेरी होते ना, तेव्हा मला पाळी आली होती." एवढंच बोलली. केळव्याला माहेर तिचं, चार दिवस राहून आली होती. ज्या घरी वेल नाही तिथे फुली कोण मारणार? आणि मला ऐकू काय आलं सांगू? मला तारीख ऐकूच आली नाही. मला आठवलं, भाऊबिजेहून परतली त्या संध्याकाळी ती पानं खुडायला वाडीत गेली होती, आणि त्याच महिन्यात आमच्या दोन ओळी मुळातून काळ्या पडून मेल्या. दोन ओळी. मी शेजाऱ्याला बोल लावला होता, त्याच्या गटाराचं पाणी येतं म्हणून, भांडण केलं होतं चारचौघांत. मी म्हटलं, "म्हणजे तू तशीच शिरलीस वाडीत?" ती म्हणाली, आई, ते नाही, मी तारखेचं — मी बोलूच दिलं नाही. गासपासून माणिकपूरपर्यंत बोलत होते मी. तोंड वर करून आता सांगतेस, आठ महिने पोटात ठेवलंस, तुझ्या आईने हेच शिकवलं का. रिक्षावाला आरशातून बघत होता. ती रडली नाही. चर्चजवळ उतरलो तेव्हा तिने माझा हात धरला नाही, रिक्षाचा दांडा धरून उतरली.

आणि मग आत, डॉक्टरीणबाईने तिसऱ्यांदा विचारलं. हेमालीने माझ्याकडे बघितलं. मी कॅलेंडर उलगडलं.

आता तू म्हणशील, मला तेव्हा कळलं नव्हतं. — कळलं होतं गो. कॅलेंडर उलगडताना बोट फुलीवर ठेवलं ना, तेव्हा कळलं. पाच आठवड्यांचा फरक, बोटांवर मोजता येतो. पण मी तीनदा नक्की म्हटलेलं, त्या बाईसमोर, सिस्टरसमोर. आणि मनात म्हटलं, एवढी शिकलेली डॉक्टरीण आहे, तिला नाही का कळणार.

दुपारी झाला. मुलगा. रडला पण कसा, मांजराच्या पिल्लासारखा, आणि मग छाती अशी आत ओढायला लागला, बरगडी न बरगडी दिसायची. सिस्टर व्हेरोनिका त्याला घेऊन उजेडात गेली, पायाचे तळवे उलटे करून बघितले. मला बोलावलं. म्हणाली, मावशी, हे बघा, तळव्यावर रेघा नाहीत. हे बाळ पुऱ्या दिवसांचं नाही. गुळगुळीत होते गो ते तळवे, पाणी मारलेल्या कवळ्या पानासारखे. कवळं पान खुडलं की ते दिसतं छान, पण टोपलीत घातलं की काळं पडतं, हे मला कुणी सांगायला हवं होतं? मुंबईला नेला, काचेच्या पेटीत ठेवला. तिसऱ्या दिवशी मितेश परत आला तो टॉवेलात गुंडाळून घेऊन. जमिनीत पुरला, वाडीच्या बाहेर. वाडीत नको म्हणाले मीच.

मितेशला अजून ठाऊक नाही. त्याला वाटतं सलाईन. हेमालीने नाही सांगितलं त्याला, दोन वर्षांत कधी नाही, भांडणातसुद्धा नाही. एकदा तरी बोलली असती तोंडावर तर बरं झालं असतं. बोलत नाही. भाकरी वाढते, आई पाणी घ्या म्हणते. ते कॅलेंडर मी चुलीत घातलं, त्यानंतर घरात कॅलेंडर टांगलं नाही. ह्या खेपेची तारीख मला ठाऊक नाही. तिला ठाऊक आहे, डॉक्टरीणबाईला ठाऊक आहे. परवा दोघींचं थांबायचं की सलाईन लावायचं असं काहीतरी चाललेलं, दारातून ऐकलं, मी गेले तशा गप्प झाल्या. विचारायची हिंमत नाही माझी. माझी, बघ. गासच्या ग्रामपंचायतीत मी सरपंचाला खुर्चीवरून उठवलंय.

म्हणून तुला मघाशी थांब म्हटलं ना, ते विसर. थांबायचं की कळा आणायच्या ते मला काय ठाऊक, मी पानवाली. कुणाचं थांबून जातं, कुणाचं घाईने जातं. ते आतली बाई ठरवेल, पण ती ठरवणार तुझ्या तोंडच्या तारखेवर. तुझं अंग, तुला ठाऊक. सासू डोळे वटारेल, वटारू दे. मी पण वटारले असते. — ती बघ, आली तुझी सासू, हाक मारतेय. ऊठ. हात दे. आत गेल्यावर खाली बघायचं नाही, ती बोलायच्या आधी तू बोल. मी काय सांगितलं ते तिला सांगू नकोस. सांगितलंस तरी चालेल. जा.

अगो, दार उघडलं. हेमाली — झालं? काय म्हणाल्या?

बरं. नको सांगूस. पिशवी दे इकडे, जड आहे.