दोन्ही काठांचा कुत्रा

(वाल्पाराइसो. घळीच्या तोंडाशी असलेला जनावरांचा दवाखाना, दुपारचे चार. दाराबाहेर धुकं. बाकावर मियाराय, वय नऊ, शाळेच्या कपड्यांत. शेजारी एवारिस्तो, वय एकाहत्तर. दोघं आज पहिल्यांदाच भेटलेत.)

मियाराय : ...मग तो पलंगाखाली शिरतो. मी हात खाली सोडते. त्याचं नाक हाताला लागलं की मला झोप येते.

एवारिस्तो : ओलं नाक?

मियाराय : ओलं आणि गार. तुमच्या कुत्र्याचं नसतं?

एवारिस्तो : असतं की. पण माझा येतो पहाटे चारला. पहिले पाव भट्टीत ढकलले की हा दारात हजर. त्याला घड्याळ कोणी शिकवलं, देव जाणे.

मियाराय : तुम्ही मोंहास टेकडीवरचे बेकरीवाले ताता का? आई म्हणते तुमच्या पावात मीठ जास्त असतं.

एवारिस्तो : आईला सांग, पंचेचाळीस वर्षं तेवढंच घालतोय. तिचीच जीभ बदलली असेल. तू कुठली?

मियाराय : घळीच्या पलीकडची. मारिपोसा टेकडी, पार वर. एकशे बारा पायऱ्या.

एवारिस्तो : मग रोज मोजतेस वाटतं. आणि तुझ्या कुत्र्याला काय झालं?

मियाराय : पोटाला पीळ पडलाय. भोपळ्यासारखं फुगलं होतं म्हणे. बाजारातल्या हमालाने भाजीच्या हातगाडीवर घालून आणलं त्याला. मग सगळ्यांच्या फोनवर फोटो आला. आई माशांच्या कारखान्यात आहे, तिला सुटी मिळत नाही. तिने तिथूनच जनावरांच्या उपचाराला पैसे देणाऱ्या निधीकडे अर्ज केला, आणि मला म्हणाली, तू जाऊन बस त्याच्यापाशी.

एवारिस्तो : भाजीच्या हातगाडीवर.

मियाराय : हो. अंगाला कोथिंबीर चिकटली होती.

एवारिस्तो : डाव्या पायाला. मीपण तोच फोटो बघून आलोय, बाळा.

मियाराय : तोच कसा? तो मेर्केनचा फोटो होता. मिरचीपुडीसारखा तांबडा, म्हणून मेर्केन.

एवारिस्तो : मी त्याला तोस्तादो म्हणतो. म्हणजे भट्टीत जरा जास्त राहिलेला.

हिमेना : इथे मियाराय कोण? आणि एवारिस्तो? मी हिमेना, ‘उबदार पंजा’ निधीची. नीट ऐका, वेळ थोडा आहे. डॉक्टरबाईंनी नळी घालून हवा काढलीय, पण तासाभरात पोट उघडून पीळ सोडवायला हवा. नाहीतर तो जगणार नाही. खर्च निधी देईल. पण एकाच फोटोवर दोन घरांतून दोन अर्ज आले, आणि आमच्या सान्तियागोतल्या मुख्य कचेरीच्या मंडळींनी दोन्ही अडवले. त्यांना वाटतंय, कोणीतरी दोनदा हात पुढे करतंय.

मियाराय : दोन कुत्रे आहेत, मावशी. म्हणून दोन अर्ज.

हिमेना : आत एकच कुत्रा आहे, राणी.

मियाराय : मग तो माझा. त्याच्या कानाला खाच आहे.

एवारिस्तो : डाव्या.

मियाराय : पण तो रात्रभर माझ्या पलंगाखाली असतो.

एवारिस्तो : तू रात्रभर जागी असतेस?

मियाराय : नाही.

एवारिस्तो : तू झोपलीस की निघत असेल. तुझ्या पायऱ्या उतरायच्या, घळ ओलांडायची, माझी चढण चढायची. चारला पोचतो.

मियाराय : सकाळी त्याच्या अंगाला पिठाचा वास येतो. मला वाटायचं, धुक्याचा वास तसा असतो.

एवारिस्तो : आणि एकदा त्याच्या गळ्यात निळी लोकर होती. मी समजलो, समुद्राकाठी कुठेतरी अडकली असेल.

मियाराय : ती मी विणली होती. तुम्ही काढून टाकलीत?

एवारिस्तो : टाकली नाही. खिळ्याला टांगलीय.

हिमेना : तुम्ही त्याला खायला काय घालता?

मियाराय : रात्रीचं उरलेलं. भात, कोंबडीचा रस्सा. तो नेहमी उपाशीच असतो.

एवारिस्तो : मीपण तेच म्हणायचो, बिचारा उपाशी. सकाळी अर्धा पाव, दुपारी अर्धा. आज जरा जास्तच दिला.

मियाराय : आज मी शाळेत जाताना डबाच दिला त्याला. सगळा.

हिमेना : आणि भरल्या पोटी घळीतून धावला. असू दे, आता रडायचं नाही. या शहरात हे असंच होतं. प्रत्येक घराला वाटतं, आपण घातलं नाही तर हा मरेल. माझ्याकडे एक मांजर आली होती, तिची पाच बारशी झाली होती.

एवारिस्तो : बाई, माझा अर्ज खोडा. पोरीचा ठेवा.

मियाराय : हो. खोडा.

हिमेना : खोडते. पण आधी पुढचं ऐका. निधीचा नियम आहे, एक जनावर, एक घर. आम्ही बाजारात सॉसेजचे पाव विकून, सोडती काढून पैसे उभे करतो. ज्यांनी घेतले, ते विचारतात, कुत्रा पुढे जगला का? म्हणून मी घर बघून लिहिते. ऑपरेशननंतर पंधरा दिवस त्याला सहा वेळा थोडंथोडं भरवायचं. पायऱ्या नाहीत, धावणं नाही. दिवसभर जवळ माणूस हवं.

मियाराय : मी शाळेत जाणार नाही.

हिमेना : तुझ्या आईशी बोलले मी फोनवर. ती म्हणाली, कुत्रा पोरीचा आहे, पोरगी सांगेल तसं.

मियाराय : मी त्याला उचलून नेईन पायऱ्यांवरून.

एवारिस्तो : केवढी तू, आणि केवढा तो. टाके तुटतील त्याचे.

मियाराय : तुम्ही म्हणालात ना, खोडा म्हणून.

एवारिस्तो : म्हणालो. अजूनही म्हणतो.

मियाराय : मग तुम्हाला काय, तुम्ही पाव भाजा. बाबा उत्तरेला खाणीत गेल्यापासून मला झोप येत नाही. मेर्केन आला तेव्हापासून येते.

एवारिस्तो : माहीत नव्हतं मला.

मियाराय : तुम्ही दुपारी घरी असता?

एवारिस्तो : दुपारी, संध्याकाळी. भट्टी आणि घर एकच. एक खोली, जमिनीलगत. पायरी नाही.

मियाराय : सहा वेळा लक्षात राहील तुमच्या?

एवारिस्तो : पाव करपू देत नाही मी, पोरी.

मियाराय : त्याला रस्सा गरम चालत नाही. कोमट लागतो. बोट बुडवून बघायचं.

एवारिस्तो : बघेन.

मियाराय : आणि पाव अजिबात नाही.

एवारिस्तो : नाही.

मियाराय : मावशी, आमचा खोडा.

हिमेना : नक्की? कागदावर कुत्रा यांचा होईल. पंधरा दिवसांनीही यांचाच राहील. मला मागाहून बदलता येत नाही.

मियाराय : लवकर खोडा ना, मावशी. तासातला किती वेळ गेला?

हिमेना : खोडला. पाठवते. थांबा जरा... आलं उत्तर. मंजूर. डॉक्टरबाई, सुरू करा. मी आत जाऊन सही करते.

एवारिस्तो : इकडे सरक, बाळा. थंडी वाजतेय तुला.

मियाराय : ताता, भूल दिल्यावर स्वप्न पडतं?

एवारिस्तो : मला विचारशील तर पडत असावं. भट्टीजवळ झोपला की चारही पाय हलवतो. कुठेतरी चाललेला असतो.

मियाराय : पलंगाखाली पण हलवतो. आत्ता कुठे असेल?

एवारिस्तो : घळीत असेल. मधोमध. धुकं भरलंय, म्हणून हळू चालला असेल.

मियाराय : येईल ना बाहेर?

एवारिस्तो : सांगता येत नाही. तुला खोटं सांगणार नाही मी. पण वाट त्याच्या पायाखालची आहे.

मियाराय : आपण हाक मारली तर?

एवारिस्तो : मारूया की. मनातल्या मनात.

मियाराय : दोघांनी नको. दोन्हीकडून हाका आल्या तर तो मधेच उभा राहील. तुम्ही मारा, ताता.