आत काय भरणार?

...आणि वर मलाच विचारतो, "आत काय भरणार?"

मला! चौतीस वर्षं बातमीदारी केली, तुम्हाला सांगतो, मंत्र्यांपासून गटारांच्या कंत्राटदारांपर्यंत भल्याभल्यांना प्रश्न विचारून घाम फोडला, आणि हा कानावर पेन्सिल खोचलेला दुकानदार गल्ल्यावर कोपर टेकून माझीच उलटतपासणी घेतो! कशासाठी? तर फवारणीच्या एका पंपासाठी! म्हणजे एक डबा, डब्याला दांडा, दांडा वरखाली केला की आत हवा भरते, खटका दाबला की नळीतून फवारा. संपलं! यात विचारायचं काय आहे?

पण थांबा. तुम्ही म्हणाल, निवृत्त माणूस, हा पंप घ्यायला कशाला कडमडला? तर ताईसाठी. माझी थोरली बहीण. भिंती, पायऱ्या, अंगणं मशीनने धुऊन द्यायचं काम करते. धंदा मुळात भावजींचा. ते गेले तेव्हा सगळे म्हणाले, मशीन विकून टाक. हिने पंधराव्या दिवशी मशीन बाहेर काढलं, त्याला आता अकरा वर्षं झाली. हल्ली तिचं उजवं मनगट सुजतं, आणि मी घरात बसून बातम्यांवर ओरडतो, म्हणून एक दिवस म्हणाली, "अरे, तिथे तुझं कोणी ऐकत नाही, इथे निदान पाइप तरी धर."

धरला! आणि तेव्हा कळलं की मशीनचं पाणी हा शेवटचा अंक. आधी भिंतीवर औषध फवारायचं, ते शेवाळ खाईपर्यंत थांबायचं, मग पाणी. आणि औषधं तीन! शेवाळाला ब्लीच, गंजाच्या डागांना ॲसिड, तेलकट डागांना तिसरंच काहीतरी. तिन्हींचे पंप वेगळे, नळ्या वेगळ्या, गाडीत जागासुद्धा वेगळ्या. मी म्हटलं, "ताई, हा काय सोवळ्याचा प्रकार?" तर म्हणते, "तीन जावा आहेत या. आपापल्या चुलीवर गुणाच्या. ब्लीच आणि ॲसिड एकत्र आलं ना, तर असा विषारी वायू निघतो की आपण दोघं भावजींना भेटायला जाऊ."

आणि संध्याकाळी काय थाट त्यांचा! आधी डब्यातली हवा सोडायची, मगच झाकण उघडायचं, नाहीतर औषध थेट तोंडावर. उरलेलं औषध काढायचं, साधं पाणी भरायचं, आणि ते पाणी पार नोझलपर्यंत सोडायचं. ताई त्याला चूळ भरणं म्हणते! "चूळ न भरता झोपला तर दात पडतात त्याचे." मग रबरी वायसरला सिलिकॉनचं ग्रीस. मी एकदा मदत म्हणून स्वयंपाकाचं तेल लावलं, तर वायसर फुगून असा बसला की... जाऊ द्या.

तर त्यातला ब्लीचचा पंप भावजींचा. वायसर बदललेले, नळी बदललेली, खटका तीनदा बदललेला, भावजींच्या हातचा म्हणाल तर फक्त डबा उरलेला. आणि नेमका त्या डब्यालाच तडा गेला! केव्हा? शाळेच्या कामाच्या आदल्या दिवशी! मी म्हटलं, चिकटवू या. "हवेचा डबा आहे, चिकटवलेला फुटतो," म्हणाली, आणि पुसून माळ्यावर ठेवून दिला. फेकला नाही.

आता हे शाळेचं काम म्हणजे साधं नव्हे. आधी दर्शनी भिंतीचा एक तुकडा धुऊन दाखवायचा. पसंत पडला तर सगळी इमारत. आणि माझा भाचा, ताईचा मुलगा, हापिसात जातो, कॉलर कडक, त्याने जेवताना सगळ्यांसमोर सांगितलं होतं, "आई, हे काम मिळालं तर मी पुन्हा एक शब्द बोलणार नाही. नाही मिळालं तर मशीन विकायचं." आणि ताई, जी कोणाच्या बापाला ऐकत नाही, ती ताई मनगट चोळत म्हणाली, "बरं."

मला तो 'बरं' काही केल्या गिळवेना. म्हटलं, पंप मी आणतो! असा आणतो की शाळा बघत राहील!

गेलो. दुकानदाराला विचारलं, हमी किती? विचारलं, हा स्वस्त का, तो महाग का, यात कमिशन कोणाचं? बिचारा उत्तरं देत होता. आणि मग म्हणाला, "साहेब, आत काय भरणार?"

म्हटलं, "तुम्हाला काय करायचंय? मी बाँब भरणार आहे का?"

"तसं नाही हो साहेब, ज्याला त्याला वेगळा लागतो..."

आता, ज्याला त्याला वेगळा, म्हणजे काय? म्हणजे महागातला गळ्यात मारायचा डाव! हे मी चौतीस वर्षं पाहिलंय! मी ताडकन वरच्या फळीकडे बोट केलं. तिथे एक पंप होता... अहाहा! पितळेची दांडी, पितळेचं नोझल, लखलखीत! बाकीचे सगळे प्लास्टिकचे, पोरांच्या खेळण्यासारखे. "तो द्या."

"साहेब, तो बागेतल्या फुलझाडांसाठी..."

"द्या म्हणतो ना!"

घरी आलो. ताई आतून ओरडली, "काय भरणार ते सांगितलंस ना त्याला?" मी म्हटलं, "हो, हो." खोटं! आयुष्यभर लोकांचं खोटं पकडलं आणि एका पंपापायी... आणि एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण मला वाटलं, सकाळी ताईच्या मनगटाला त्रास नको, म्हणून संध्याकाळीच ब्लीच भरून, नीट चालतो का म्हणून एकदा फवारून, पंप गाडीत ताडपत्रीखाली ठेवला. रात्रभर. भरलेला. चूळ न भरता!

सकाळी शाळेसमोर आम्ही सगळे. मुख्याध्यापिकाबाई चष्मा सावरत, भाचा हाताची घडी घालून, ताई मशीनचा पाइप जोडत. मी पंप घेऊन पुढे झालो, पाच-सहा दांडे मारले, खटका दाबला, आणि त्या पांढऱ्या भिंतीवर, तुम्हाला सांगतो, हिरवीनिळी रेघ उमटली! मोराच्या पिसासारखी! ब्लीचने रात्रभर पितळ खाल्लं होतं आणि आता माझ्या साक्षीने ओकत होतं! खटका सोडतो तर स्प्रिंग गंजून अडकलेली, तो बंदच होईना! मी पंप फिरवतोय, रेघ लांबतेय...

"मामा, हवा सोडा आधी!" भाचा ओरडला. सोडली. आणि मग मला सुचलं! डागाला ॲसिड! धावलो गाडीकडे, ॲसिडचा पंप उचलला, वळलो...

"खाली ठेव!"

असा आवाज मी ताईचा लहानपणी विहिरीच्या काठावर वाकलो होतो तेव्हा ऐकला होता. ठेवला. ओल्या ब्लीचवर ॲसिड... तीन जावा... आठवलं, आणि चार पावलं मागे सरलो. ती भिंतीवर पाणी सोडत राहिली, भरपूर, रेघ फिकी होईपर्यंत. मग मशीन बंद केलं आणि सगळ्यांसमोर मला एकच विचारलं.

"आत काय भरणार, असं त्याने विचारलं होतं का रे?"

मंत्री काय करायचे ठाऊक आहे का? मी अडचणीचा प्रश्न विचारला की घसा खाकरायचे, रुमाल काढायचे, पाणी मागायचे. मी तिन्ही केलं. आणि मग म्हटलं, "विचारलं होतं."

"बरं," म्हणाली. पुन्हा तोच 'बरं'!

मग तिने बादलीत ब्लीच कालवलं, लांब दांड्याचा ब्रश घेतला आणि त्या सुजल्या मनगटाने, हाताने, भिंतीचा तो तुकडा घासला. मी ब्रश मागितला, दिला नाही. भाच्याच्या हाताची घडी कधी सुटली कोण जाणे. तो बादली धरून उभा होता. घासलं, थांबली, पाणी मारलं. भिंत निघाली हो! पन्हळीमागे एक हिरवट ठिपका तेवढा राहिला.

बाई जवळ आल्या. ठिपका पाहिला. आणि ताईला म्हणाल्या, "यात नेमकं भरता काय तुम्ही? मुलं हात लावतात भिंतीला."

घ्या! तोच प्रश्न!

ताईने सांगितलं. ब्लीच किती, पाणी किती, कितीदा धुवायचं, मुलांना किती वेळ लांब ठेवायचं, झाडांच्या मुळांवर आधी साधं पाणी का सोडायचं, सगळं. आणि शेवटी म्हणाली, "रेघ आमच्या चुकीने पडली. पितळ चालत नाही याला. ठिपका मी काढून देते, पण आज नाही, भिंत पूर्ण सुकल्यावर."

बाई म्हणाल्या, "काल एक जण आला होता, त्याला हेच विचारलं. तो म्हणाला, तुम्हाला काय करायचंय." आणि माझ्याकडे पाहून हसल्या... नाही, उगाच पाहिलं असेल, पण मला ते फार लागलं. "सोमवारपासून या."

भाच्याने शब्द पाळला. एक शब्द बोलत नाही. नुसता बघतो. ते जास्त वाईट!

मग काय, पुन्हा त्याच दुकानात! दुकानदाराने पेन्सिल कानावरून काढली, तोंड उघडलं, आणि त्याने विचारायच्या आत मी सुरू! ब्लीच भरणार, पितळ नको, आत लोखंडी स्प्रिंग नको, नोझल प्लास्टिकचं, वायसर ब्लीचला टिकणारा, सुटे वायसर वेगळे मिळणारा, रोज चूळ भरवणार, रात्रभर भरून ठेवणार नाही! एका दमात! म्हटलं, आता विचार काय विचारायचं ते!

त्याने शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाला, "पाच लिटरचा की दहाचा? उचलणार कोण?"

ताईचं मनगट डोळ्यांसमोर आलं. म्हटलं, "मी."

त्याने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. केस, पोट, गुडघे. "मग पाचचाच घ्या, साहेब."

छापून आलं असतं ना, तर खुलासा मागितला असता! पण माणूस खरं बोलत होता हो... पाचचाच घेतला.