आवाजाची ओळ

नाही हो कोम्शिया, नाहीच आहे ती ओळ — किती वेळा बघू? तुम्ही माझे कोम्शिया, मी तुमची शेजारीण, म्हणून चार महिने तुमचे डोळे झालेय मी, आता दुसऱ्या कोणाला बोलावून दाखवणार का? जुनं मशीन जळालं, नवं मुकंच आलं, ते बोलतं करायला लिनक्सचं कर्नल, म्हणजे कॉम्प्युटरचा गाभाच, पुन्हा बांधायचं ठरलं — तेव्हा पडद्यावरचे प्रश्न कोणी वाचले? या देसांकानंच ना. हे हवं का, ते हवं का — दोनशे तरी असतील — तिकडे गॅसवर कोबीच्या पानांतला सार्मा करपत होता, शेवटी शेवटी मी नुसतं एंटर दाबत सुटले — हो, तुम्हाला न सांगता — आणि एंटर म्हणजे ‘नको’, हे मला काय ठाऊक. त्यातच राहून गेला तुमचा आवाज. पूर्वी भिंतीपलीकडून ऐकू यायचं, मशीन तुम्हाला पत्रं वाचून दाखवायचं, पत्रा खरवडल्यासारखं. आता मी वाचते. माझा आवाज काय वाईट आहे?

शोधलं की. तुम्ही शिकवलंत तसंच — तिरकी रेघ दाबली, नाव लिहिलं. तर ते म्हणतं, ‘उपकरणं’च्या यादीत पार खाली ‘अपंगांसाठी सोयी’ — तिथं आधी ‘हो’ केल्याशिवाय आतली बोलण्याची ओळ दिसतच नाही, लपून बसते — म्हणजे... तसं असावं आपलं. आठ यत्ता शिकलेल्या बाईला काय कळतंय त्यातलं.

मिलित्साचं? नाही, आजही काही नाही. लेकी अशाच, परदेशी गेल्या की बाप आठवत नाही. त्यात तुमच्या नातीचे, लेंकाचे, पुढचे दोन दात पडलेत, शाळेत पोरं हसतात, रडत घरी येते, म्हणजे आईचं सगळं लक्ष तिच्यात — काय? कोणी सांगितलं म्हणजे? बेकरीत कोणीतरी. आता आठवत नाही. असं तोंड नका करू — बरं, आलं होतं मिलित्साचं पत्र. तिकडे ऑस्ट्रियात, लिंत्सला नेऊन एका खोलीत बसवेल तुम्हाला, तिथली भाषा येते का, कोणाशी बोलाल? म्हणे तिकीट काढते, बाबा, तुम्ही नुसतं हो म्हणा. मी तुमच्या वतीनं ‘नको’ लिहून टाकलं. बरंच केलं. माझा नवरा, योवान, गेल्यापासून कॉफीचा दुसरा कप मी कोणासाठी करायचा, हे विचारलंय कधी कोणी?

हे काय, कीबोर्ड का ओढताय? बाणाचं बटण किती वेळा दाबलं ते मोजताय होय. मोजा. बोटं मात्र हुशार हं तुमची. आणखी खाली. हां, ती — नव्हे, ती नव्हे, पुढे चला. पुढे चला म्हणते ना. थांबलात का? ती नव्हे ती, कोम्शिया.

बरं. ऐकायचं नाहीये. मग दाबा काय दाबायचं ते — प्लग माझ्या हातात आहे.

काढला.

गिबानित्सा ताटलीखाली झाकून ठेवलीय, गार व्हायच्या आत खाऊन घ्या, चीज जास्त घातलंय, तुम्हाला आवडतं म्हणून. आणि वायर माझ्याकडे राहू दे, पायात येईल उगाच. उद्या येते सकाळी, पत्रं वाचायला. आलीच असली तर.